पान कुणाच्या मालकीचं?

समोरचा खेळाडू जादूगार, म्हणजे ‘मेज’ वर्गाचा आहे. पटावर माझे चार सैनिक उभे, हातात आणखी दोन. पुढच्या खेळीला त्याच्याकडे सात मॅना (पान खेळायला खर्चावी लागणारी ऊर्जा) होतील, आणि ‘फ्लेमस्ट्राइक’ हे पान नेमकं सात मॅनाचं: प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक सैनिकाला पाच घाव. हातातले दोघंही आत्ता उतरवले तर दोन खेळ्यांत डाव माझा. पण फ्लेमस्ट्राइक पडलं तर सहाही जळतील आणि माझ्याकडे काहीच उरणार नाही. त्याच्या तीस पानांत या पानाच्या दोन प्रती आहेत असं धरू. पहिली खेळी त्याची होती, म्हणजे सुरुवातीची तीन आणि नंतर ओढलेली सात अशी दहा पानं सातव्या खेळीपर्यंत त्याच्या हाती आलेली असतील. सुरुवातीला बदललेली पानं हिशेबात घेतली नाहीत, तर दोनांतलं एक तरी त्यात असण्याची शक्यता ५६ टक्के निघते. गणित सांगतं, थांब. आणि गणिताबाहेरही काही दिसत असतं. मागच्या खेळीला त्याने दोन मॅना वाया घालवले, आणि त्याचा कर्सर हातातल्या सगळ्यात डावीकडच्या, म्हणजे सगळ्यात जुन्या पानावर सारखा जाऊन थांबतो आहे. मी एकच सैनिक उतरवतो, दुसरा धरून ठेवतो.

‘हार्थस्टोन’मधला हा पेच तो खेळ खेळलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. मेंढीकोट खेळताना समोरच्याने मेंढी कुठे दडवली आहे हे ज्याला ओळखता येतं, त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. फरक असा की मेंढीकोटला बावन्न पानं सगळ्यांची सामाईक असतात. इथे प्रत्येक जण स्वतः जमवलेल्या पानांमधून आपली गड्डी बांधून आणतो. त्या गड्डीला सगळे ‘डेक’च म्हणतात. डेक बांधणं हा निम्मा खेळ आहे, काहींच्या मते निम्म्याहून जास्त. मी २०१५ मध्ये, हा खेळ फोनवर आला तेव्हापासून खेळतो आहे, आणि तो बुद्धीचा खेळ आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मला या सगळ्या प्रकाराचा आढावा घ्यायचा आहे तो वेगळ्या प्रश्नासाठी. ही पानं मिळतात कशी, मिळाली की ती कुणाची असतात, आणि राहतात किती दिवस?

प्रश्नाचं मूळ कागदात आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड गारफिल्ड हा गणिताचा विद्यार्थी अमेरिकेत ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या छोट्या कंपनीच्या पीटर ॲडकिसनकडे स्वतः बनवलेला एक पटाचा खेळ घेऊन गेला. तो छापायला महाग पडणार होता. ॲडकिसनला हवा होता स्वस्तात छापता येणारा, संमेलनात दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत खेळून होणारा खेळ. गारफिल्डने जे आणलं ते १९९३ मध्ये ‘मॅजिक: द गॅदरिंग’ म्हणून बाजारात आलं. खेळाडूंची चित्रं असलेली बेसबॉलची कार्डं लोक जमवत होतेच, पत्त्यांचे डावही जुनेच होते. गारफिल्डने दोन्हींची गाठ मारली. पाकीट बंद, आत कोणती पानं आहेत ते फोडल्याशिवाय कळणार नाही, काही पानं विपुल, काही दुर्मीळ. पहिल्या छपाईची २६ लाख पानं बघता बघता संपली.

पाकीट हा जुगाराचा भाग होता हे मान्यच करायला हवं. पण पाकीट फोडल्यावर जे हातात यायचं ते तुमचं असायचं. विका, बदला, धाकट्या भावाला द्या, दुकानदाराकडे सुटं पान विकत घ्या. त्या मालकीचा कंपनीवरही वचक होता. १९९५ मध्ये विझर्ड्सने जुनी दुर्मीळ पानं ‘क्रॉनिकल्स’ या संचात पुन्हा छापली तेव्हा ज्यांनी ती महाग घेतली होती ते संग्राहक इतके चिडले की पुढच्याच वर्षी कंपनीला पुन्हा कधीही न छापायच्या पानांची यादी जाहीर करावी लागली. ती यादी आजही पाळली जाते.

आमच्या शाळेत हे अर्थशास्त्र डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ट्रम्प कार्डांवर चालायचं. अंडरटेकरचं पान कोपरे दुमडलेलं असलं तरी त्याच्या बदल्यात तीन पानं मिळायची, आणि डबा खाऊन झाल्यावर मागच्या बाकावर जो सौदा व्हायचा तो घंटा झाली की पक्का. खेळ म्हणून ती पानं फार साधी होती. पण देवाणघेवाण हा त्या खेळाचा प्राण होता, आणि ती करताना कुणाची परवानगी लागत नसे.

पडद्यावर ही पानं १९९७ च्या ‘क्रॉन एक्स’पासून दिसू लागली. २००२ मध्ये ‘मॅजिक ऑनलाइन’ आलं. तिथे पडद्यावरचं पाकीट जवळपास कागदी पाकिटाच्याच भावाला विकलं जायचं, खेळाडू आपसांत पानं बदलू शकायचे, आणि एक संच पूर्ण जमवला तर तो मोडून कंपनीकडून तीच पानं कागदावर मागवता यायची. कागदाशी असलेला धागा बारीक होता, पण तुटला नव्हता.

तो तोडला ‘हार्थस्टोन’ने. ब्लिझार्ड कंपनीतल्या एका लहानशा गटाने, एरिक डॉड्स आणि बेन ब्रोड यांच्यासारख्या माणसांनी बांधलेला हा खेळ ११ मार्च २०१४ रोजी रीतसर प्रसिद्ध झाला. त्यांनी ‘मॅजिक’मधली सगळ्यात त्रासदायक गोष्ट काढून टाकली. ‘मॅजिक’मध्ये मॅना मिळतो तो जमिनीच्या पानांतून, आणि ती वेळेवर आली नाहीत तर हातात उत्तम पानं असूनही माणूस बसून राहतो. इथे प्रत्येक खेळीला एक मॅना आपोआप वाढतो, दहापर्यंत. समोरच्याची खेळी चालू असताना तुम्हाला मध्ये पडता येत नाही, म्हणून डाव सरसर पुढे जातो. दुसऱ्या क्रमांकाने खेळणाऱ्याला भरपाई म्हणून एक जादा पान आणि एक ‘कॉइन’ मिळतो, एकदाच वापरायचा, एका मॅनाचा. तो कॉइन दुसऱ्या खेळीला उडवायचा की आठव्या खेळीपर्यंत सांभाळायचा, यावर मी बसमध्ये उतरायचा थांबा चुकवला आहे.

याच माणसांनी देवाणघेवाण मात्र पूर्ण बंद केली. नवख्याला फसवणारे दलाल नकोत, काळाबाजार नको, ही कारणं खोटी नव्हती. पण बदल्यात जी व्यवस्था आली तिचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. पाकीट खेळातल्या १०० सोन्याचं, नाहीतर खऱ्या पैशांचं. आत पाच पानं, त्यातलं एक तरी ‘रेअर’ किंवा त्याहून वरचं. नको असलेली पानं मोडून ‘डस्ट’ करायची आणि त्यातून हवं ते पान घडवायचं. साधं पान मोडलं तर ५ डस्ट, घडवायला ४०. रेअर मोडलं तर २०, घडवायला १००. सगळ्यात दुर्मीळ, म्हणजे ‘लेजेंडरी’ पान मोडलं तर ४००, घडवायला १६००. सगळ्यात कोरडं पाकीट, म्हणजे चार साधी आणि एक रेअर, मोडलं की ४० डस्ट. अशी चाळीस पाकिटं मोडावीत तेव्हा एक लेजेंडरी. जुना दागिना मोडीत घालताना सोनार घट धरतो, पण ती तोळ्यामागे थोडी असते. इथे साध्या पानावर घट आठात सात, लेजेंडरीवर चारात तीन. चाळीस पाकिटांत एक लेजेंडरी निघणारच अशी सोय आहे, आणि रोजची छोटी कामं करून सोनंही मिळतं. एकही रुपया न घालता वरच्या पायरीपर्यंत गेलेले खेळाडू आहेत. पण त्यांनी दिलेले तासही मोजायला हवेत.

हे सगळं एका गोष्टीमुळे शक्य होतं: पान कंपनीच्या सर्व्हरवर असतं, खेळाडूकडे नसतं. आणि त्याच गोष्टीमुळे या खेळांत कागदावर कधीच जमलं नसतं असं सौंदर्य आलं. एप्रिल २०१६ मध्ये आलेलं ‘योग-सारॉन’ हे पान घ्या. डावभरात तुम्ही जितके मंत्र टाकलेत तितके मंत्र ते स्वतः, वाटेल ते, वाटेल तिथे टाकतं. कागदावर हे करायचं तर शेकडो मंत्रांची पेटी जवळ ठेवून चिठ्ठ्या काढाव्या लागतील. पडद्यावर ते अर्ध्या मिनिटात होतं आणि हरलेला डाव उलटतो, किंवा जिंकलेला हातचा जातो. आधीच्या नोव्हेंबरात आलेली ‘डिस्कव्हर’ची सोय मला त्याहून आवडते: तीन पानं समोर येतात, एक निवडायचं. नशीब तीन पर्याय देतं, निवड बुद्धीची.

छापलेलं पान दुरुस्त करता येत नाही, सर्व्हरवरचं येतं. एखादं पान जड झालं, सगळे तेच खेळू लागले, की ते हलकं करायचं. याला ‘नर्फ’ म्हणतात. २०१५ मध्ये ‘वॉरसाँग कमांडर’ या पानाभोवती बांधलेला एक वॉरियर डेक फार बलवान झाला होता. तो खेळायला अवघडही होता, प्रत्येक खेळीत घाव मोजत बसावं लागे, आणि ज्यांना तो जमला त्यांचा त्याच्यावर जीव होता. ऑक्टोबरात ब्लिझार्डने त्या पानावरचा मजकूर बदलला आणि डेक एका दिवसात मेला. अशा बदलानंतर बदललेल्या पानाची डस्ट काही दिवस पूर्ण परत मिळते, पण त्याच्याभोवती जमवलेल्या बाकीच्या पानांची मिळत नाही. त्या नर्फने खेळाचं भलंच झालं असं माझं मत आहे. तरीही, घरात ठेवलेल्या वस्तूचं काम रात्रीत बदलावं आणि सकाळी तसं कळवलं जावं, याला मालकी म्हणता येत नाही. पडद्यावरचं पान म्हणजे एक परवाना आहे. जिथून चमत्कार येतो तिथूनच परवाना रद्दही होतो, दोन्हींची किल्ली एकच.

मग मालकी परत देऊन पाहिली तर? हा प्रयोग झालेला आहे. वॉल्व कंपनीने खुद्द रिचर्ड गारफिल्डला सोबत घेऊन ‘आर्टिफॅक्ट’ बांधला. तीन रांगांत एकाच वेळी चालणारा, विलक्षण खोल खेळ. २८ नोव्हेंबर २०१८ ला तो २० डॉलरला आला. पाकिटं वेगळी विकत घ्यायची, आणि सुटी पानं वॉल्वच्या बाजारात खेळाडूंनी एकमेकांना खऱ्या पैशांनी विकायची, प्रत्येक सौद्यात कंपनीचा वाटा. कागदासारखीच मालकी. पहिल्या दिवसांत एका वेळी ६० हजारांच्या आसपास लोक खेळत होते. काही महिन्यांत ते शेकड्यांवर आले. मार्च २०२१ मध्ये वॉल्वने काम थांबवून खेळ फुकट केला. माझ्या मते मालकी देणं ही चूक नव्हती. दारात पैसे, आत गेल्यावर पुन्हा पैसे आणि नुसतं खेळून पान मिळवायची वाट जवळपास नाही, अशी रचना झाली तिथे खेळ बुडाला. ज्याच्याकडे हरण्याइतके पैसे नाहीत त्याला शिकता येत नाही, आणि शिकणारे नसतील तर पानं विकणार कुणाला?

उलट टोकाचा प्रयोग रायट कंपनीने २०२० मध्ये केला. ‘लेजेंड्स ऑफ रुनटेरा’मध्ये पाकिटं विकलीच नाहीत. हवं ते पान थेट घ्या, आणि खेळत राहिलात तर बहुतेक सगळी पानं फुकटच जमतील. या प्रकारातला मला ठाऊक असलेला सगळ्यात सचोटीचा खेळ हाच. जानेवारी २०२४ मध्ये रायटने ५३० लोकांना कामावरून कमी केलं तेव्हा या खेळाचा गटही लहान झाला. तो कधीच आपला खर्च भागवू शकला नव्हता असं कंपनीने सांगितलं. पुढे भर एकट्याने खेळायच्या भागावर गेला. मला ही बातमी फार लागली. खेळाडूंनी वर्षानुवर्षं मागितलेलं सगळं या खेळाने दिलं होतं, आणि खेळाडूंनी ते घेतलंही होतं.

बाकीचे खेळ या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहेत. आपल्याकडे एसटीत आणि क्लासच्या जिन्यात जो दिसायचा तो २०१६ चा ‘क्लॅश रॉयल’ मला या बाबतीत सगळ्यात वाईट वाटतो, कारण तिथे पानाला पातळी असते. तुमची आणि माझी चाल तीच, पान तेच, पण तुमचं वरच्या पातळीचं असेल तर तुमच्या आगगोळ्याने माझा शिपाई मरतो आणि माझ्या गोळ्याने तुमचा मरत नाही. ‘हार्थस्टोन’मध्ये पान मिळवायला पैसा लागला तरी पटावर सगळ्यांचं पान सारखं. ‘मार्व्हल स्नॅप’ हा बेन ब्रोडनेच ब्लिझार्ड सोडल्यावर २०२२ मध्ये आणलेला खेळ बारा पानांचा, सहा खेळ्यांचा, मधल्या सुट्टीत संपणारा. पण जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत टिकटॉकवर बंदी आली तेव्हा प्रकाशक त्याच मालकाचा म्हणून हाही खेळ रातोरात बंद पडला, आणि परत यायला काही दिवस लागले. सुपरहिरोंचा टिकटॉकशी काय संबंध, हे मला माझ्या भाच्याला समजावून सांगता आलं नाही.

तोच भाचा सध्या ‘पोकेमॉन पॉकेट’वर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या या खेळात दर बारा तासांनी एक पाकीट फुकट. शाळेला निघण्याआधी एक, रात्री झोपण्याआधी एक. गोल फिरणाऱ्या पाकिटांतून तो एक निवडतो, उलटं करून मागची बाजू पाहतो, मग बोटाने वरचा काठ डावीकडून उजवीकडे फाडतो. फाडताना फोन हलकासा थरथरतो. पाच पानं एकेक करून सरकवताना तो श्वास रोखून धरतो, मी त्याच्याकडे पाहत असतो. डाव तो आठवड्यातून एखादाच खेळतो.

इथे कायद्याचा मुद्दा येतो. जपानने २०१२ मध्ये, फुटकळ बक्षिसांचा संच पूर्ण केल्यावर मोठं बक्षीस देणारी ‘कोंपू गाचा’ पद्धत बंद पाडली. चीनने २०१७ पासून पाकिटात काय निघण्याची शक्यता किती, ते जाहीर करायला लावलं. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये काही खेळांतल्या नशिबाच्या पेट्या सरळ जुगार ठरवल्या. आपल्याकडे विचाराची चाकोरी जुनी आहे. शब्दकोड्यांच्या बक्षीसस्पर्धांवरून मुंबई राज्याशी लढल्या गेलेल्या चमारबागवाला प्रकरणात १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याची स्पर्धा जुगारापासून वेगळी काढली. १९६८ मध्ये रमी तीन पत्तीसारखी निव्वळ नशिबाची नाही, पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, असं म्हटलं. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना त्यांच्यापासून वेगळं ओळखलं.

ही चाकोरी आपल्या पानांना अपुरी पडते. न्यायालयं विचारतात, डाव कौशल्याचा आहे का? आहे, निःसंशय आहे. पण इथे गल्ले दोन आहेत. डावाच्या टेबलावर कौशल्य चालतं, पाकिटाच्या टेबलावर निव्वळ नशीब, आणि पैसे फक्त दुसऱ्या टेबलावर घेतले जातात. बक्षीस पैशांत मिळत नाही म्हणून तो जुगार नाही, हे कायद्याच्या भाषेत पटतं. भाचा काठ फाडतो तेव्हा पटत नाही. निदान निघण्याची शक्यता पाकिटावरच, मोठ्या आकड्यांत, त्याला वाचता येईल अशा भाषेत लिहायला लावणं आपल्याकडेही अवघड नसावं.

मालकी नसण्याची झळ मैदानापर्यंत कशी पोचते, याचं उदाहरण भारताचंच आहे. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते, आणि ‘हार्थस्टोन’मध्ये भुजच्या तीर्थ मेहताने व्हिएतनामच्या खेळाडूला ३-२ असं हरवून कांस्य जिंकलं. ते पदकतालिकेत धरलं गेलं नाही. पुढच्या, चीनमधल्या हांगझौच्या खेळांत ‘हार्थस्टोन’ खऱ्या पदकासाठी असणार होता आणि भारताचे खेळाडू निवडलेही गेले होते. मग ब्लिझार्ड आणि तिची चिनी भागीदार नेटईज यांचा करार फिसकटला, २३ जानेवारी २०२३ ला चीनमधले सर्व्हर बंद झाले, आणि खेळ यादीतून गळला. तयारी केलेल्यांचा तयारी करण्यापलीकडे काही दोष नव्हता. सर्व्हर सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाले, तोवर हांगझौ होऊन एक वर्ष लोटलं होतं. कुस्तीच्या मातीवर कुणाचा मालकीहक्क नसतो आणि कबड्डीचा करार संपत नाही, म्हणून आपल्याला हे नवं वाटतं.

तरी किल्ली खेळाडूंकडे आल्याची उदाहरणं आहेत, आणि मी या प्रकारात अजून रमतो ते त्यांच्यामुळे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने ‘ग्वेंट’मध्ये नवी पानं घालणं थांबवायचं ठरवलं तेव्हा खेळ टाकून दिला नाही. २०२३ च्या शरदापासून कोणतं पान बलवान करायचं, कोणतं हलकं, हे खेळाडू मतदानाने ठरवतात. मतं चुकतातही. गटबाजी होते, एखादं पान एका फेरीत वर जातं आणि दुसऱ्या फेरीत खाली येतं.

आणि ‘बॅटलफोर्ज’. २००९ मध्ये जर्मनीच्या इंगेलहाइममधल्या ईए फिनॉमिकने आणलेला हा खेळ इतरांसारखा पाळीपाळीने चालत नव्हता. वीस पानांचा डेक घेऊन रणांगणावर उतरायचं, ऊर्जेच्या विहिरी ताब्यात घ्यायच्या, अग्नी, हिम, निसर्ग आणि छाया यांची स्मारकं उभारायची, आणि पान टाकलं की राक्षस तिथल्या तिथे जमिनीवर उभा. पानं पैशांनी घेता येत, खेळाडू आपसांत विकतही. ३१ ऑक्टोबर २०१३ ला सर्व्हर बंद झाले आणि चार वर्षांत जमवलेली सगळी पानं त्या दिवशी गेली. एका दुसऱ्या, लहान खेळात माझीही अशीच गेली आहेत, त्यामुळे तो दिवस कसा असेल ते मला माहीत आहे.

काही चाहत्यांनी मात्र सर्व्हर स्वतः पुन्हा बांधायला घेतला. पैसे कमवायचे नाहीत या अटीवर ईएने परवानगी दिली आणि डिसेंबर २०२० मध्ये ‘स्कायलॉर्ड्स रिबॉर्न’ या नावाने तो रीतसर उघडला. तिथे पान पैशांनी घेता येत नाही. लिलावाचा बाजार पुन्हा भरतो, आणि त्यात बोली लागते ती डाव खेळून कमावलेल्या गुणांची.